शेवटच्या बांधीचे पाणी

भंडारा जिल्ह्यात ज्याचे बालपण गेले, त्याला तलाव ही शोभेची वस्तू कधीच वाटत नाही. कारण घरातील वर्षभराचे धान्य त्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, आड साठलेले आहे, हे त्याला अक्षरओळखीच्या आधीच उमगलेले असते. चुलबंद नदीच्या खोऱ्यातील आमच्या गावचा तलाव गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांपैकी एक. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, असे लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. परंतु तुडूम, म्हणजे पाळीतून पाणी सोडण्याचे द्वार, केव्हा उघडावे आणि पहिला पाट कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्यात, वळवावा, हा प्रश्न मात्र गावाकडेच राहिला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर गावच्या पाणी समितीची चिटणिशी माझ्याकडे आली, आणि २०२४ च्या जानेवारीत उन्हाळी हंगामाच्या वाटणीसाठी सभा बोलाविण्याचा प्रसंग माझ्यावर आला. तलाव निम्माही भरलेला नव्हता. सभेत सरळ दोन तट पडले. एका बाजूला उन्हाळी धानाचे शेतकरी. दुसऱ्या बाजूला भेंडी आणि हिरवी मिरची लावणारे दहा-बारा तरुण, ज्यांचा माल व्यापाऱ्यामार्फत नागपूरमार्गे आखाती देशांत जात असे. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. त्यांच्यातील एकाने खिशातून भेंडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती बोटाएवढी, सरळ, कोवळी होती आणि देठ काढताना तिची लव माझ्या बोटांना टोचली. तो म्हणाला, "गुरुजी, दोन दिस तहानली का हिले रेसा सुटते, मंग व्यापारी हात बी लावत नाही. आमचा माल देशाले परकीय चलन देते, आमाले पानी पयले पायजे."

मी त्या रात्री हिशेब मांडून बसलो. उन्हाळी धानाच्या एकराला हंगामभरात साधारण बाराशे मिलिमीटर पाणी धरले, तर ते अठ्ठेचाळीस लाख लिटरांच्या वर जाते. भेंडीला त्याच्या निम्म्याहून कमी लागते. म्हणजे धानाच्या एका एकराच्या पाण्यात भेंडीचे दोन एकर सहज भागतात. हा हिशेब तरुणांच्या बाजूचा होता, हे मी दुसऱ्या सभेत सर्वांसमक्ष मान्य केले. मात्र 'निर्यात' हा शब्द त्यांच्या एकट्यांच्या मालकीचा नाही, हेही मला सांगणे भाग पडले. २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर केंद्र सरकारने बंदी घातली होती, पण उसना (उकडा) तांदूळ शुल्क भरून बाहेर जातच होता, आणि आफ्रिकेतील देश हे त्याचे मोठे गिऱ्हाईक आहेत. गिरणीत गेलेले आमचे धान कोणत्या बंदराला लागते हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही, एवढाच काय तो फरक. दोन्ही पिकांतून परदेशी जाते ते पाणी याच तलावाचे.

मग वाटणीला आधार कोणता? मी तहसिलीत जाऊन इंग्रजी बंदोबस्ताच्या काळातील वाजिब-उल-अर्जाची, म्हणजे गावच्या रिवाजांच्या नोंदीची, नक्कल काढली. कागद पिवळा पडलेला, अक्षर कारकुनी वळणाचे. पण रिवाज स्वच्छ नोंदलेला होता, तो असा की तुटीच्या साली पाण्याची पाळी शेवटच्या बांधीपासून सुरू व्हावी, आणि सर्वांची एक पाळी पुरी झाल्यावाचून मालगुजाराच्या उसालाही दुसरी पाळी मिळू नये. त्या काळी ऊस हेच दाम देणारे पीक होते. दामामुळे हक्क वाढत नाही, हे आमच्या पूर्वजांनी दस्तऐवजात लिहून ठेवले होते. सभेत मी ते कलम दोनदा वाचले. ठराव झाला: कोणत्याही घराने अर्ध्या एकरापलीकडे उन्हाळी धान लावू नये, भाजीपाल्याला पाच दिवसांनी आखूड पाळी द्यावी, आणि प्रत्येक फेरी टोकाकडून सुरू व्हावी.

एप्रिलमधील एका रात्री पाणकरासोबत विजेरी घेऊन मी पाटाच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेलो. मध्ये एका ठिकाणी कोणीतरी धुरा, म्हणजे बांधीचा बांध, फोडून पाणी वळविले होते; ते बुजविण्यात तास गेला. टोकाची अर्ध्या एकराची बांधी एका विधवा बाईची. माती भेगाळलेली होती, धान गर्भावर आले होते. पाणी शिरले तेव्हा ते पसरले नाही; भेगांत उतरत राहिले आणि जागोजागी बुडबुडे उठू लागले. बाई धुऱ्यावर उकिडवी बसून होती. बऱ्याच वेळाने ती एवढेच म्हणाली, "आता चढते, गुरुजी."

त्या एका तासाच्या विलंबाने आणि शेवटापासून सुरू झालेल्या फेरीने भेंडीवाल्या तरुणाची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारवर गेली. त्याच्या अठरा क्रेटांपैकी सात व्यापाऱ्याने परत केले, आणि तो माल त्याला गावच्या आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने विकावा लागला. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याचे नुकसान खरे होते, आणि ते भरून देण्याची तजवीज आमच्या ठरावात नव्हती. पुढील ठरावात ती घालावी असे माझे मत आहे.

जिल्ह्यातील ज्या गावांत अजून असे तलाव आहेत, त्यांच्या समित्यांना माझी विनंती आहे की परदेशी मालाचा सौदा ठरण्यापूर्वी आणि धानाचे पऱ्हे टाकण्यापूर्वी तलावातील पाणी मोजून तो आकडा गावसभेत फळ्यावर लिहावा, आणि पहिली पाळी शेवटच्या बांधीला द्यावी.