चक्रवाकाचे नाव

माजी विद्यार्थी भेटले की परीक्षांच्या आधी आठवण निघते ती कवडीपाटाच्या सहलींची. थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे पाचला आम्ही वसतिगृहातील मुलांना उठवीत असू. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे उतरायचे आणि मुळा-मुठेच्या जुन्या बंधाऱ्यावर जाऊन बसायचे. दुर्बिणी दोन, मुले तीस. नदीत शहराचे सांडपाणी, काठाला प्लॅस्टिक. आणि त्याच पाण्यावर दूरदेशीचे पाहुणे, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. शेकाट्या आणि हळदी-कुंकू बदक हे इथलेच रहिवासी.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. पक्ष्यांचे ज्ञान पुस्तकापुरते. एका सकाळी नारिंगी-तपकिरी जोडी दाखवून आम्ही सहज म्हणालो, "हे ब्राह्मणी बदक." सातवीतल्या एका मुलाने दुर्बीण खाली केली. "सर, पाखरांतही जात असते का?"

मुले हसली. तो हसला नाही. गावच्या शाळेत हजेरीला आडनाव पुकारले की माना वळत, हे त्याने प्रवेशाच्या दिवशीच आम्हांला सांगितले होते. जातिव्यवस्थेचा इतिहास वर्षानुवर्षे शिकविणारे आम्ही. पण ते नाव आमच्या जिभेवरून किती सहज घसरले! आम्ही ओशाळलो.

संध्याकाळी ग्रंथालयात बसलो. संस्कृत कवींचा, रात्री जोडीदारापासून दुरावणारा चक्रवाक तो हाच. इंग्रजांनीही 'ब्राह्मणी' हेच नाव उचलले. उन्हाळ्यात हा पक्षी लडाख-तिबेटात, चार हजार मीटरहून उंच सरोवरांच्या परिसरात पिले वाढवितो. तिबेट व मंगोलियातील बौद्ध त्याला पवित्र मानतात. त्याचा रंग भिक्खूंच्या चीवराची आठवण देतो. दुसऱ्या दिवशी परिपाठाला आम्ही हे सारे सांगितले आणि चूकही कबूल केली. नोंदवहीत 'चक्रवाक' असेच लिहायचे ठरले.

मग मुलांनी 'धोबी' पक्ष्याकडे मोर्चा वळविला. तेही नाव बदलावे, असा ठराव आला. तेव्हा इस्त्रीचे दुकान चालविणाऱ्या आईचा मुलगा उभा राहिला. "ते राहू द्या, सर. कपडे धुण्यात वाईट काय? हिणवून म्हटलं तर वाईट." ठराव मागे घेतला गेला.

आमच्या वहीत आजही धोबी आहे, ब्राह्मणी बदक नाही. यात विसंगती दिसेल. परंतु एक नाव जन्माचा मान मिरविते, दुसरे कष्टाचे काम सांगते, हा भेद मुलांनी आमच्याआधी ओळखला.

तो सातवीतला मुलगा आता स्वतःच्या लेकीला घेऊन कवडीपाटावर जातो. दर हिवाळ्यात एका सकाळी त्याचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, एवढेच म्हणतो, "सर, चक्रवाक आले."