मीडिया ऑफलाइन

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. ‘एकोणसत्तर’ म्हणजे नक्की किती, हे आजही मला मनात इंग्रजी आकडे मोजून ठरवावं लागतं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ हात वर केले. “मग तुला जे येतं त्यावर लिही,” असं उत्तर मिळालं. मला येतं ते व्हिडिओ एडिटिंग. तेही चुका करून करून जेवढं आलं तेवढंच. तेव्हा ही माझ्या चुकांची गोष्ट. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वेगळ्या, त्या माफ कराव्यात!

मी बदलापूरची आणि माझी रूममेट उल्हासनगरची. सुट्टीला घरी एकाच लोकलने जातो. कल्याण, विठ्ठलवाडी, मग तिचं उल्हासनगर, पुढे अंबरनाथ आणि मग माझं बदलापूर. इतकी वर्षं या लाइनवर ये-जा करूनही उल्हासनगर म्हणजे माझ्या लेखी जीन्स, फर्निचर आणि ‘मेड इन यूएसए’चा तो जुना विनोद. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! गेल्या वर्षी गॅदरिंगच्या शॉर्टफिल्म स्पर्धेसाठी विषय शोधत होते, तेव्हा रूममेट म्हणाली, “आमच्या अम्माला घे ना.” अम्मा म्हणजे तिच्या वडिलांची आई.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना तिथल्या बराकींत ठेवलं गेलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथल्या पत्त्यांत ‘कॅम्प नंबर’ आणि ‘बराक नंबर’ असतात. अम्मा बराकीत आली तेव्हा सात वर्षांची होती. मध्ये गोणपाट टांगून एका बराकीत अनेक घरं केलेली. आई पापड लाटायची आणि अम्मा ते वाळत घालायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या फोनवर तिचं 43 मिनिटांचं शूटिंग केलं. आवाजासाठी दुसरा फोन तिच्या शेजारी उशीवर ठेवला. शेवटी विचारलं, “अम्मा, वहाँ क्या छोड़ के आए?” अम्मा गप्प झाली. खूप वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ताला लगाके आए थे.” एवढंच.

हॉस्टेलवर येऊन एडिटिंगला बसले आणि रडकुंडीला आले. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळायचे, पण वीस मिनिटांनंतर अम्मा आधी तोंड हलवायची आणि आवाज मागून यायचा. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, ड्रायव्हर बदलला, सेटिंग्ज बदलली, सगळं एकाच रात्रीत. लॅपटॉप आणखीनच रखडायला लागला आणि नक्की कशाने, तेही कळेना.

शेवटी डिपार्टमेंटच्या लॅबमधल्या काकांकडे गेले. काका म्हणाले, “सर्किट बंद पडलं तर सगळ्या वायरी एकदम उपटतेस का? एका वेळी एकच काढायची.” त्यांनी एक नवं रिकामं प्रोजेक्ट उघडलं आणि त्यात फक्त तीच क्लिप टाकली. दोष तिथेही दिसला तर तो क्लिपमध्ये, नाही दिसला तर आपल्या प्रोजेक्टमध्ये. पाच मिनिटांत कळलं, दोष क्लिपमध्येच होता.

कारण असं, की पुष्कळ फोन ठरावीक वेगाने शूट करत नाहीत. उजेड कमी-जास्त झाला, फोन तापला की फ्रेम रेट बदलतो. सरासरी सेकंदाला 29.9 फ्रेम आल्या आणि सॉफ्टवेअरने 30 धरल्या, तर फरक किरकोळ वाटतो. पण वीस मिनिटांत चित्र आवाजाच्या 4 सेकंद पुढे जातं! उपाय साधा आहे. एडिटिंगला बसण्यापूर्वीच क्लिप स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायची. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं.

पण काकांनी ते लगेच करू दिलं नाही. “आधी ओरिजिनल माझ्या डिस्कवर टाक. तारखेचं फोल्डर कर. नंतर काय ते बदल.” मला उशीर होत होता, मेस बंद होणार होती. म्हातारा किती किटकिट करतो, असं मनात म्हणत मी कॉपी केलं. (काका, हा अंक तुमच्या हातात पडेल हे माहीत आहे. सॉरी!)

ओठ जुळले, मग माझा हात सुटला. स्पर्धेची मर्यादा आठ मिनिटांची होती. अडखळणं काढ, खोकला काढ, थांबणं काढ. ते खिडकीकडे बघणं 22 सेकंदांचं होतं, मी दोनवर आणलं. डिसेंबरमध्ये एका रविवारी अम्माला फोनवर फिल्म दाखवली. तिने शांतपणे पाहिली आणि म्हणाली, “मैं इतना जल्दी कब बोली?” सगळे हसले. मीही हसले.

जानेवारीत अम्मा गेली.

दिवसकार्य आटोपून रूममेट परत आली. तिने काही न बोलता फिल्म बघायला मागितली. मी प्रोजेक्ट उघडलं, तर टाइमलाइनभर लाल पट्टे. ‘मीडिया ऑफलाइन.’ लॅपटॉपवर जागा नाही म्हणून सगळं फूटेज एका जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर ठेवलं होतं आणि ती डिस्क नुसती टकटक आवाज करत होती. फोनमधलं ओरिजिनल मी केव्हाच उडवलं होतं. पेनड्राइव्हवर बॅकअप होता ना! उघडून बघितला, तर त्यात फक्त प्रोजेक्ट फाइल. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. कोणती क्लिप कुठे ठेवली आहे आणि तिचा कोणता भाग दाखवायचा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. माझ्याकडे पत्ता होता, घर नव्हतं. रूममेटच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

लॅबच्या डिस्कवर ते तारखेचं फोल्डर होतं, ओरिजिनल आणि बदललेली क्लिप, दोन्ही. नावं मी बदलली नव्हती, म्हणून नवी जागा दाखवताच कट जिथल्या तिथे बसले. मग मी आणखी एक काम केलं. त्या दोन सेकंदांच्या क्लिपची कड धरून ओढली. पूर्ण 22 सेकंद तिथेच होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी, 1913 साली, दादासाहेब आणि सरस्वतीबाई फाळके घरीच कच्च्या फिल्मला भोकं पाडत, ती धुत; तेव्हा कात्री लागली की खरोखर कापलं जाई. आपल्या टाइमलाइनवर काहीच कापलं जात नाही. मूळ फाइल शाबूत असली, तर सगळं परत मिळतं. ती गेली, तर काहीच नाही.

म्हणून हे वहीत लिहून ठेवा :

1) शूट झाल्यावर तीन प्रती करा, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या जागी. तिन्ही उघडून बघितल्याशिवाय फोन रिकामा करायचा नाही.

2) शूटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज जुळवायला ती पुरते.

3) ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकताना दिसतात? आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा.

4) लॅपटॉप रखडत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून एडिट करा. शेवटी एक्स्पोर्ट ओरिजिनलवरून होतं.

5) ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा. सबमिशनच्या आदल्या रात्री सॉफ्टवेअर अपडेट करू नका.

फिल्ममध्ये मी ते 22 सेकंद परत घातले आणि बाकी पापडांचे माझे लाडके शॉट काढले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. रूममेटच्या घरी पेनड्राइव्ह घेऊन गेले, तर तिचे पप्पा म्हणाले, “फिल्म अच्छी है बेटा, लेकिन वो पूरा वाला है क्या?” होतं. टीव्हीवर 43 मिनिटं लावलं. खोकला, अडखळणं, मागे वाजणारी कुकरची शिट्टी, सगळं. अम्मा खिडकीकडे बघायला लागली तेव्हा मी सवयीने रिमोट उचलला. “पुढे ढकलू का?” पप्पा म्हणाले, “रहने दो.”

तुमच्याही फोनमध्ये घरच्या कुणाचा असा एखादा व्हिडिओ असेलच. आज मेसमधून आलात की आधी त्याची प्रत करा. एडिटिंग काय, सबमिशन संपल्यावरही करता येईल.