काडी बघून

“फुलं कुठल्या काडीवर येत्यात गं? जुन्या का नव्या?”

2012 च्या मे महिन्यात अण्णांनी तासगावहून फोनवर हे विचारलं, तेव्हा मी न्यू जर्सीतल्या आमच्या ड्राइव्ह-वेवर उभी होते. समोर सात झुडपांची रांग होती. हिरवीगार, तजेलदार, आणि फूल मात्र औषधालाही नाही. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. द्राक्षबागेत वाढलेल्या मुलीला ते यायला हवं होतं.

ते घर आम्ही आदल्या उन्हाळ्यात घेतलं होतं. ज्या आजींकडून घेतलं, त्यांनी किल्ल्या हातात देताना या रांगेकडे बोट दाखवून सांगितलं होतं, मे महिन्यात ही बाजू सगळी पांढरी होते. झुडपाचं नाव स्पायरिया. तिकडची जुनी माणसं त्याला ब्रायडल रीथ म्हणतात, नवरीच्या डोक्यावरचं फुलांचं कडं. अख्खा हिवाळा मी त्या पांढऱ्या मे महिन्याची वाट बघितली. मार्च उजाडला, बर्फ वितळला, शेजारीपाजारी गुलाब छाटायला बाहेर पडले आणि माझेही हात शिवशिवायला लागले. स्पायरियाच्या काटकुळ्या, तपकिरी, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मला वाळक्याच वाटत होत्या. एका रविवारी मी सगळी रांग गुडघ्याएवढी खाली आणली. संध्याकाळी कापलेल्या फांद्यांचे भारे बांधून रस्त्याकडेला ठेवले. त्या भाऱ्यांत त्या वर्षाचा सगळा बहर होता, हे मला मे महिन्यात कळलं.

तासगावला आमच्या बागेत वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. खरड छाटणीत वेल पार उघडा करायचा, ओलांड्यावर एकदोन डोळे ठेवून बाकीचं सगळं खाली. मग भर उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात, पावसाळ्यात त्या हिरव्याच्या तपकिरी होतात, पिकतात. ऑक्टोबरात त्याच काड्या डोळे मोजून कापल्या की घड बाहेर पडतात. बाहेर पडतात तेव्हा, पण त्यांचं ठरतं कितीतरी आधी, उन्हाळ्यातच, डोळ्याच्या आत. आमच्याकडे त्याला सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात, आणि शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाच्या तोंडीही हा शब्द असतो, कारण वर्षाचं पोट त्याच्यावर असतं.

मी सातवीत असताना अण्णा मला डोळे तपासणीला घेऊन गेले होते. गोडी छाटणीच्या आधी बागेतल्या काड्या तपासून घेतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते कळावं म्हणून. त्यावरून काप कुठे घ्यायचा ते ठरतं. तिथल्या माणसानं पात्यानं एक डोळा चिरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला जवळ बोलावलं. तपकिरी सालींच्या आत फिकट हिरवा, गाठीगाठींचा एक ठिपका होता. “ह्यो घड,” अण्णा म्हणाले. बाहेरून ती काडी मेल्यासारखी दिसत होती. घरी येताना मोटरसायकलवर मागे बसून मी हातातली उरलेली काडी बोटांनी चाचपत होते, एकेक डोळा, एकेक पेर. छाटणीच्या टोळीत कुणी घाईनं कात्री चालवायला लागला की अण्णा बांधावरून ओरडायचे, “काडी बघून काप रं! हात चालतोय म्हणून नगं!” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते मला ऑक्टोबरच्या हवेचाच भाग वाटायचं.

तर जुनी काडी का नवी काडी? त्या मे महिन्यात मी हे शोधायला बसले. स्पायरिया हे एक झाड नाही, मोठं कुळ आहे. गुलाब, सफरचंद, चेरी यांच्या घराण्यातलं. त्यात दोन रीती आहेत. वसंतात पांढरी फुलणारी जात आदल्या वर्षीच्या काडीवर फुलते, म्हणून तिची छाटणी फुलं झाल्या झाल्या करायची. उन्हाळ्यात गुलाबी फुलणारी जात त्याच वर्षीच्या कोवळ्या काडीवर फुलते, म्हणून तिला हिवाळा सरताना खुशाल कापायचं. आमची रांग पहिल्या रीतीची होती. व्हॅन हाउट स्पायरिया म्हणतात तिला. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये झालेला हा संकर, एक पूर्वज चीनमधला, दुसरा उत्तर आशियातला, आणि नाव बेल्जियमच्या एका रोपवाटिकावाल्याचं, लुई व्हॅन हाउट यांचं. मला मात्र या सगळ्यापेक्षा एवढंच लागलं, की नियम द्राक्षाचाच होता. काडी आदल्या हंगामाची, फूल या हंगामाचं. मी तो शिकून आले होते आणि थंडीच्या मुलखात आल्यावर झाडं वेगळी दिसली म्हणून विसरले होते.

झुडपं मेली नाहीत. स्पायरिया चिवट असतं. त्या उन्हाळ्यात लांब, लवचिक काड्या निघाल्या, मी कात्री हातात धरली नाही, आणि 2013 च्या मे महिन्यात रांग फुलली. प्रत्येक लांब काडीवर ओळीनं बारके बारके आखूड फुटवे, प्रत्येक फुटव्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांची छत्री. वजनानं काड्या जमिनीपर्यंत वाकलेल्या.

पुढच्या मे महिन्यात आई-अण्णा आले. आईनं गाडीतून उतरताच म्हटलं, “अगं बाई, मुंडावळ्याच की ह्या!” तेव्हापासून आमच्या घरात या झाडाचं तेच नाव आहे, मुंडावळीचं झाड. अण्णांनी फुलांकडे बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. ते उकिडवे बसले, दोन्ही हातांनी काड्या बाजूला सारल्या आणि बुंध्यात बघत राहिले. मग मला खाली बसवलं. आत तीन पिढ्यांच्या काड्या होत्या. अंगठ्याएवढ्या जाड, करड्या, साल सुटत आलेल्या. पेन्सिलीएवढ्या तपकिरी. आणि मातीतून नुकत्याच वर आलेल्या कोवळ्या, पोपटी. जाड काडीला वरवर दोनचार फुलं होती, पेन्सिलीएवढ्या काड्या मात्र लगडलेल्या. अण्णांनी एकेका झुडपातल्या जाड काड्या मोजल्या. “ह्या थकल्या. फुलं झाली की ह्यातल्या तीनेक पार मुळातनं काढ. वरनं शेंडं मारू नगंस, बोडकं दिसतंय आन् आत अंधार हुतोय.”

पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं. दरवर्षी सर्वांत जुन्या काड्यांपैकी तिसरा हिस्सा जमिनीलगत काढायचा, म्हणजे तीन वर्षांत झुडूप आतून नवं होतं. अण्णांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि हे झाड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाकळ्या गळून ड्राइव्ह-वेवर पांढरा थर साचला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून छाटणी केली. अण्णांनी सामानातून स्वतःची कात्री आणली होती, वर्षानुवर्षांच्या घामानं मूठ काळी पडलेली. मी काडी धरायची, त्यांनी कापायची. मग त्यांनी बाहेरच्या अंगाची एक खाली लोंबलेली काडी निवडली, तिच्या पोटाला नखाएवढा काप दिला, चार बोटं मातीत दाबली, वर दगड ठेवला. दाब कलम. माती हातात चुरून बघितली. आमच्या भागातली माती तांबूस आहे, चिकट. “निचरा बघ हितला. पाणी थांबलं तर मूळ कुजंल.”

घरामागच्या रानात ओकच्या झाडावर चढलेला रानद्राक्षाचा वेल दिसला, तेव्हा त्यांना आनंद झाला तो मी विसरू शकत नाही. तळहातानं खोड थोपटत राहिले. आमच्या बागेत वर थॉमसन आहे, खाली मुळं डॉगरिजची. क्षारपड जमिनीत आणि पाण्याच्या ताणात बाग टिकावी म्हणून सगळ्यांनीच हे खुंट लावले, आणि डॉगरिज मूळचा अमेरिकेतला, टेक्सासकडचा रानवेल. “म्हंजे आपल्या बागंची मुळं हितलीच की,” अण्णा म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, हा वेल हिवाळ्यात काय करतो. झोपतो, मी म्हटलं, पानं टाकून चार महिने झोपतो. “आपल्याकडं त्येला झोप न्हाई. म्हणून तर दोनदा कापावं लागतंय.” स्पायरियाची काडी तासगावला न्यावी असं त्यांच्या मनात होतं. पण या झाडाला कडाक्याची थंडी सोसून मगच जाग येते. तिकडच्या उन्हात त्याचा निभाव लागला नसता. मी तसं सांगितल्यावर त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या वसंतात दगड उचलला तर काडीला मुळं फुटली होती. तिची जागा मी नीट बघून ठरवली, कारण आजींची रांग सुंदर असली तरी झुडपं फार जवळ लावलेली आहेत. या जातीचं झुडूप सहा-आठ फूट उंच होतं आणि रुंदी त्याहून जास्त. रोप वीतभर असताना ते डोळ्यांसमोर येत नाही. मी अंगणाच्या दक्षिणेला, निदान सहा तास ऊन लागेल अशा ठिकाणी, चारी बाजूंनी पाच-पाच फूट मोकळे सोडून खड्डा घेतला. मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गड्ड्याएवढीच. खोल गाडलेल्या रोपाची मान कुजते. पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, वर लाकडाच्या भुश्शाचं आच्छादन, तेही खोडापासून हातभर दूर. खत जवळजवळ नाहीच. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. मावा हा शब्दसुद्धा बागेतूनच आलेला माझ्याबरोबर.

मागच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचतं. तिथे काय लावावं म्हणून रोपवाटिकेत गेले, तर जपानी स्पायरियांची रांगच रांग: गोल्डमाउंड, गोल्डफ्लेम, लिटल प्रिन्सेस, अँथनी वॉटरर. सोनेरी पानं, गुलाबी फुलं, उंची दोन-तीन फूट, मार्चमध्ये कशीही कापा तरी फुलणारी. मोह पडण्यासारखीच झाडं आहेत. पण जपानी स्पायरियाचं बी बारीक आणि अमाप असतं, मातीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ओढ्याकाठांवर, जंगलाच्या कडांवर हे झाड पसरून तिथल्या मूळच्या झाडोऱ्याला जागा ठेवत नाही. आमच्या मागे ओढा आहे. मी ते घेतलं नाही. त्याऐवजी तिथल्याच मातीतलं, ओल आवडणारं स्टीपलबुश शोधून आणलं. तेही स्पायरियाच, पण फुलांचे उभे गुलाबी तुरे, आणि पानांच्या पाठीला तपकिरी लव, मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखी. ते जुलैत फुलतं, नव्या काडीवर. म्हणजे आता माझ्या एकाच अंगणात दोन्ही छाटण्या आहेत, एक मार्चमध्ये, एक जूनमध्ये. हे अण्णांना कळवलं तेव्हा ते फोनवर केवढे खूश झाले होते.

2016 ला त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि रोजची एक छोटी पांढरी गोळी सुरू झाली. अ‍ॅस्पिरिन या नावातला ‘स्पिर’ स्पायरियाचाच. युरोपातल्या मेडोस्वीट नावाच्या झाडाच्या फुलांतून काढलेल्या द्रव्यापासून केलेल्या आम्लाला जर्मनांनी त्या झाडावरून नाव दिलं. त्या काळी ते झाड स्पायरिया कुळात धरत, आता वेगळं काढलंय. 1899 ला बायर कंपनीनं औषध बाजारात आणलं तेव्हा नावात तो तुकडा राहिला. मी अण्णांना हे सांगितलं. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, “म्हंजे तुझ्या मुंडावळीचं आन् माझ्या गोळीचं आडनाव एकच.”

2019 च्या सप्टेंबरात अण्णा गेले. मी पोचले तेव्हा बाग पिकल्या काड्यांनी भरलेली होती. तेरावं झालं आणि दोन दिवसांनी टोळी बागेत उतरली, कारण गोडी छाटणी थांबत नाही. दादानं पहिली काडी हातात घेतली, डोळे मोजले, आणि बराच वेळ काप घेतलाच नाही. टोळीतलं कुणी बोललं नाही. मग त्यानं कात्री माझ्या हातात दिली. मी सहाव्या डोळ्यावर काप घेतला. निघताना ती कात्री त्यानं माझ्या बॅगेत कपड्यांखाली ठेवली, मला न सांगता.

अण्णांनी दाबलेल्या काडीचं झुडूप आता माझ्यापेक्षा उंच आहे. ऑक्टोबरात त्याची पानं नारिंगी होतात, काही तांबडी, आणि त्याच दिवसांत दादाचा फोन येतो. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ. टोळीची शेवटची ओळ चाललेली असते. तो फोन खिशात तसाच चालू ठेवतो आणि मला कात्र्यांचा आवाज ऐकू येतो, दहाबारा कात्र्या, पुढेमागे. मी झुडपापाशी उकिडवी बसते, एक पान बाजूला करते. देठाच्या बगलेत, या वर्षीच्या काडीवर, मोहरीच्या दाण्याहून बारीक डोळा बसलेला असतो. पुढची काडी, पुढचा डोळा. कात्री घरात खुंटीला असते. मार्चपर्यंत तिला काम नाही, आणि या झुडपापाशी तर जूनपर्यंत.