रॅम शेजारच्या विंगेत!

सर्व्हर म्हटला की एसी, काचेची खोली आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी आठवते. आमचा सर्व्हर पलंगाखाली असतो. चौघांनी वर्गणी काढून घेतलेलं जुनं धूड: दोन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम. त्यावर लिनक्स, केव्हीएम आणि प्रत्येकाच्या प्रोजेक्टचं एकेक व्हर्च्युअल मशीन.

त्यातलं २४ जीबीचं मशीन अचानक रखडू लागलं. प्रोसेसर निवांत, स्वॅप रिकामा, तरी मेमरीचा वेग होस्टच्या जेमतेम निम्मा! सबमिशन आठवड्यावर. ‘नवी रॅम घेऊ’ असा ठराव झाला. पण नवी रॅम म्हणजे दोघांचं मेसबिल.

उलगडा केला ‘न्यूमास्टॅट’ने. मित्रांनो, दोन प्रोसेसर म्हणजे हॉस्टेलच्या दोन विंगा समजा. प्रत्येकाची ३२ जीबी रॅम आपापल्या दाराशी. शेजारची हवी तर पॅसेज ओलांडा. याचंच नाव न्यूमा. आमचं मशीन पळत होतं ‘ए’ विंगेत आणि त्याची बरीचशी मेमरी ‘बी’ विंगेत!

शिवाय मेमरीची पानं ४ केबीची. टीएलबीत पत्ता सापडला नाही की आतले आणि होस्टचे असे दोन्ही तक्ते धुंडाळायचे. चार-चार पातळ्यांचे तक्ते असले तर २४ फेऱ्यांपर्यंत मजल जाते.

मग मशीन एकाच प्रोसेसरला बांधलं, मेमरी त्याच्याच दाराची दिली, २ एमबीची मोठी पानं राखून ठेवली. वेग होस्टच्या जवळ पोचला, मेसबिलही वाचलं.

तेव्हा दोस्तहो, नवं विकत घेण्याआधी असलेलं कुठं ठेवलंय ते एकदा बघा!