भाकरी आणि बैठका
आज बैठका, डंबेल सगळं नेमानं झालं. घरी आल्यावर मटकीची उसळ, वाटीभर दही आणि ज्वारीची भाकरी. तव्यावरून निखाऱ्यावर टाकली, टम्म फुगली. पापुद्रा सुटताच भूक खवळली.

तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. त्यांना वजनाचा ताण हवा, तशी प्रथिनंही हवीत. ज्वारीत लायसिन कमी, कडधान्यात भरपूर. म्हणून भाकरी-उसळीची जोडी एकमेकींची उणीव भरून काढते. तालमीच्या मातीत घडलेल्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. अंग मेहनतीनंच कमावलं जातं, पण ते पोसतं ताट आणि सावरते झोप.

आठवड्यातून दोनदा तरी वजन उचला, मधे विश्रांती घ्या आणि घरचं पोटभर जेवा.