धान्य की मीठ?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालात, की १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला दिसतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने त्याला वेढा घातला. किल्ला मोठा बेलाग. पण घाईघाईने आत घेतलेली व्यापाऱ्यांची पोती उघडली, तर धान्याऐवजी निघालं मीठ! रामदेवरायाला नमतं घ्यावं लागलं, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्या गाडीशी काय संबंध? सांगते. हाच रस्ता वेरूळवरून पुढे कन्नडच्या घाटातून चाळीसगावला उतरतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी मुसळधार पावसाने या घाटात दरडी कोसळल्या, गाड्या अडकून पडल्या. अशा वेळी डिकी हेच आपलं कोठार!

ते लावायचं कसं? जे आधी लागतं, ते दाराजवळ आणि वर: टॉर्च, लाल चमकता त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी. पाणी, गूळ-शेंगदाणे, चादर आणि दोरी एका खोक्यात. खोका पट्ट्याने बांधा, म्हणजे वळणावर घरंगळणार नाही. जॅक आणि पाना स्टेपनीपाशी. पण त्यांच्यावर जड बॅगा रचू नका. नाहीतर भर पावसात सगळं सामान रस्त्यावर!

आणि मुख्य काम तुमचं. स्टेपनीत हवा आहे? टॉर्च लागतो? औषधांची मुदत संपली तर नाही? मदतीचा क्रमांक ११२ पाठ आहे ना?

सहलीच्या आदल्या दिवशीच आई-बाबांना म्हणा, "डिकी उघडा बघू!" पोत्यात धान्य आहे की मीठ, ते घरीच कळलेलं बरं!