मगरिबनंतरची चिमूट

चिंचपाड्यात आमचं लहानसं किराणा दुकान आहे. सातवीत असताना शाळेतून आलो की मी गल्ल्यावर बसायचो. हिशेब तिथंच शिकलो. तेल-मिठापेक्षा हात जास्त जायचा तो वर टांगलेल्या पुड्यांच्या माळांकडे. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकू नये, असा कायदा २००३ पासून आहे. आमच्याकडे विकणाराच बारा वर्षांचा होता.

जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. गुटख्याच्या माळा उतरल्या. साधी तंबाखू आणि चुना मात्र जागेवरच राहिले, त्यांच्यावर बंदी नव्हती. अब्बा तीच खायचे. चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, चुना लावून मळायची आणि डाव्या गालात धरायची. आपल्याकडे ठिकठिकाणी 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाट्या असतात. पण २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न सोडणारी तंबाखू वापरत होते, ओढणारे ३.८ टक्केच. अब्बांना पाटी कधी आडवी आलीच नाही.

मग त्याच गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, "आज हा कॅन्सर नाही. पण होऊ शकतो. तंबाखू सोडा."

अब्बांनी मान हलवली. घरी येऊन पुडी काढली.

त्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये होता. रोजा जवळजवळ चौदा तासांचा. अब्बांचा एकही रोजा चुकला नाही. पण मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात गेला, नमाज झाली की हात खिशात. एका संध्याकाळी मी चिडून विचारलं, "अब्बा, चौदा तास राहता, मग पंधरावा का नाही?"

ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, दिवसभर सगळेच रोज्यात असतात. एकमेकांकडे बघून निभतं. नंतर ज्याचा तो."

मी आजवर त्यांना फक्त भीती घातली होती. पुडीवरचं चित्र तेच करतं. ते चित्र अब्बा रोज शंभरदा हाताळत होते, त्याची भीती केव्हाच मेली होती. त्याच पुडीवर आणखी एक गोष्ट छापलेली असते, ती दुकानदाराच्या घरात कुणी वाचली नव्हती: १८००-११२-३५६. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी सरकारची मोफत फोनसेवा.

मी फोन लावून दिला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. तलफ कधी येते, तेव्हा हात काय करत असतो, हे विचारलं. सोडायची तारीख अब्बांनाच ठरवायला लावली. ईदचा दिवस ठरला. पुढेही तिकडून फोन येत राहिले.

ईदनंतर दोनदा घसरले. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच माळा उतरवल्या. "समोर टांगलेली असली की सुटणार नाही," म्हणाले. गल्ला कमी झाला. काही गिऱ्हाइकं पुढच्या टपरीवर गेली, साखरही तिथूनच घेऊ लागली. अम्मी त्यावरून अजून कुरकुरते.

चट्टा फिका झालाय, पण तपासणी चुकवायची नाही. मगरिबनंतर अब्बा खिशात बडीशेप ठेवतात. त्या वेळी मी शक्यतो घरीच असतो. बाहेरगावी असलो तर फोन करतो. तंबाखूचा विषय काढत नाही. आज काय विकलं, एवढंच विचारतो.